नारिंगी डबी

भोक मोहरीच्या दाण्याएवढंही नव्हतं. डावीकडच्या शेवटच्या दाढेवर, पारदर्शक प्लास्टिक दाढेच्या खळग्यात उतरतं नेमकं तिथे ते पडलं होतं आणि त्याच्या भोवतीचा भाग घासून घासून दुधी झाला होता. दवाखान्यातल्या डेनिसने तो रिटेनर, दातांवर चढवायचा साचा, दिव्याखाली धरून किंचित कलता केला, तसा भोकातून उजेडाचा एक ठिपका तिच्या हातमोज्यावर पडला.

"बघितलंस?" ती म्हणाली.

ब्रिट्टाने आपली खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा कपाळावर सरकवला. बारीक काही पाहायचं असलं की ती चष्मा काढत असे.

"आणि हे उजवीकडे. इथे अजून आरपार गेलेलं नाही, पण जाईल. पोरगी झोपेत दात खाते गं. साधंसुधं नाही, चांगलं करकरून खाते."

दोघींच्या मध्ये, आडव्या केलेल्या खुर्चीवर ब्रिट्टाची मुलगी लिनेआ छताकडे बघत पडली होती. तिच्या गळ्याभोवती कागदी रुमाल अडकवलेला होता. चौदा वर्षांची झाल्यापासून तिचे पाय खुर्चीच्या बाहेर येत असत. आज बुटांवरचा बर्फ वितळून त्याचे थेंब खालच्या फरशीवर पडत होते.

"कुठल्या डबीतला हा?" ब्रिट्टाने विचारलं.

डेनिसने ट्रेमधल्या दोन डब्यांकडे पाहिलं. एक पांढरी, एक भडक नारिंगी.

"या नारिंगीतला. पांढरीतला बघ, कालच बनवल्यासारखा आहे."

लिनेआने डोळे मिटून घेतले.

तारा काढून दीड वर्ष झालं होतं. तारांनी ओळीत आणलेले दात परत आपल्या जुन्या जागी सरकू नयेत म्हणून रोज रात्री हा पारदर्शक साचा दातांवर चढवून झोपायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुरुवातीला तर तो दिवसभरही घालावा लागे. पहिला रिटेनर महिनाभरसुद्धा टिकला नाही. लिनेआने शाळेच्या कॅन्टीनमध्ये जेवताना तो काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवला आणि जेवण झाल्यावर रुमालासकट ट्रे कचऱ्यात उपडा केला. त्या दुपारी ब्रिट्टा आणि लिनेआचे वडील कर्ट यांनी रबरी हातमोजे चढवून शाळेच्या मागच्या बाजूला कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या होत्या. घटस्फोटानंतर दोघांनी मिळून केलेलं ते एकमेव काम. रिटेनर मिळाला नाही तो नाहीच.

त्यानंतर दोन करून घेतले. पांढऱ्या डबीतला ब्रिट्टाच्या घरी, नारिंगीतला कर्टच्या. लिनेआ एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे राही, पण रिटेनरने घर सोडायचं नाही, असा नियम होता. नारिंगी डबी कर्टने निवडली होती. शिकारीच्या जॅकेटचा असतो तसला रंग. "ही हरवली तर हेलिकॉप्टरमधूनसुद्धा दिसेल," तो म्हणाला होता. आज वार्षिक तपासणी होती, म्हणून दोन्ही डब्या पहिल्यांदाच एकत्र आल्या होत्या. पांढरी लिनेआने सकाळी घरून दप्तरात टाकली होती, नारिंगी कर्टने कामावर जाता जाता शाळेच्या ऑफिसात ठेवली होती.

"काही त्रास चाललाय का तिला?" डेनिसने आवाज खाली आणून विचारलं. साठीला आलेली डेनिस या दवाखान्यात पहिल्या दिवसापासून होती आणि डुलुथ शहरातल्या निम्म्या पोरांचे दात तिच्या हाताखालून गेले होते. "परीक्षाबिरीक्षा? नाहीतर कुणी मुलगा?"

"माझ्याकडे नाही काही," ब्रिट्टा म्हणाली. "हा तिच्या बापाकडचा आहे."

वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच तिला जाणवलं की आपला आवाज नेहमीपेक्षा स्पष्ट आला आहे.

एप्रिलमध्ये, जेवताना, लिनेआ म्हणाली होती, "मॉम, मला शाळेचे दिवस डॅडकडे राहायचंय. शनिवार-रविवार तुझ्याकडे." तिने ते असं सांगितलं की जणू मीठ मागते आहे. ब्रिट्टाने हातातला काटा खाली ठेवला होता आणि परीक्षा होऊन जाऊ दे म्हणाली होती. मग उन्हाळा सरू दे, मग शाळेची घडी बसू दे, आणि आता हरणांच्या शिकारीचा मोसम आटपू दे. कर्ट मध्ये पडला नव्हता. "तू हो म्हणालीस तरच," एवढंच तो म्हणाला होता, आणि ते तिला जास्त लागलं होतं, कारण 'नाही'चं ओझं त्यामुळे तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं होतं.

नाही म्हणायला तिच्याकडे कारणं होती, पण पुरावा नव्हता. कर्टच्या घरात दारातच बुटांचा ढीग असे. जॉय, त्याची दुसरी बायको, स्वभावाने बरी होती, पण तिच्या स्वयंपाकघरात कधी काय उतू जाईल याचा नेम नव्हता. दोन वर्षांचा ओटो भांड्यांवर भांडी आपटत फिरे. कुत्रा पलंगावर झोपे. अशा घरात मूल नुसतं वाढू शकतं, अभ्यास करू शकत नाही, असं ब्रिट्टाचं मत होतं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे, हे ती नोकरीत रोज शिकत होती.

आणि आता हे भोक. रात्रीच्या रात्री आपली मुलगी दुसऱ्याच्या छपराखाली जबडा आवळून पडलेली असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! मग त्या धक्क्याच्या पाठोपाठ, दाराच्या फटीतून यावं तसं, दुसरं काहीतरी आत आलं. ते हलकं होतं, आणि ते तिला आवडलं नाही. तरी तिने फोन काढला.

"धर जरा दिव्याखाली," ती डेनिसला म्हणाली. "एक फोटो घेते."

"घे बाई. पण नखाने दाबू नकोस, फुटेल."

फोटो स्पष्ट आला. ब्रिट्टाने तो कर्टला पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुझ्या घरातला आहे हा. झोपेत दात खाऊन खाऊन भोक पाडलंय तिने. मी उगाच "नाही" म्हणत नव्हते.' ते शेवटचं वाक्य तिने एकदा पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

डेनिसने तोवर नव्या रिटेनरचं माप घ्यायला सुरुवात केली होती. टूथब्रशच्या दांड्याएवढा कॅमेरा ती लिनेआच्या दातांवरून फिरवत होती आणि शेजारच्या पडद्यावर एकेक दात निळसर, ओला, डोंगरासारखा उगवत होता.

"आ मोठा कर, राणी. अजून. बोलायचं नाही, गिळायचं नाही, मला शिव्या फक्त मनात द्यायच्या."

लिनेआच्या घशातून आवाज आला. ती आईकडे बघून काहीतरी म्हणू पाहत होती. तिचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला.

"हात खाली," डेनिस म्हणाली. "हललीस तर परत पहिल्यापासून. काल एक पोरगा आला होता. आजीने त्याचा रिटेनर उकळत्या पाण्यात टाकला, जंतू मरावेत म्हणून. जंतू मेले की नाही देव जाणे, रिटेनर शिंपल्यासारखा मिटला. त्याच्या आधीच्या आठवड्यात एकीच्या कुत्र्याने खाल्ला. अर्धा परत आला, ती तो पिशवीत घालून घेऊन आली, म्हणे जोडता येईल का."

ब्रिट्टाला हसू आलं. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

'अरे बापरे.'

मग: 'मला खरंच कल्पना नव्हती. आम्हाला वाटायचं ती इथे मजेत असते.'

थोडा वेळ फोनच्या पडद्यावर तीन ठिपके उमटत आणि विरत राहिले. कर्ट बंदरावर काम करत असे. या वेळी तो क्रेनच्या खाली, हातमोजा दातांत धरून एका अंगठ्याने लिहीत असणार.

'तू बरोबर होतीस. शाळेचे दिवस माझ्याकडे नकोत, आता आहे तसंच चालू दे. मीच सांगतो तिला. तुझ्यावर वाईटपणा नको.'

ब्रिट्टाने तो मजकूर दोनदा वाचला. सात महिने ती ज्याच्यासाठी मनातल्या मनात भांडत होती ते असं, एका वाक्यात, वाद न होता हातात आलं होतं. तिने फोन उलटा ठेवला. तिला उठून काहीतरी करावंसं वाटलं. ट्रेमधले दोन्ही रिटेनर तिने उचलले.

"मी जरा हे धुऊन आणते."

"कशाला? मी टाकते ना मशीनमध्ये."

"असू दे. सवय आहे."

सवय होती, म्हणजे पूर्वी होती. पहिलं वर्षभर घरचा रिटेनर ब्रिट्टाच धूत असे. सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रशने, टूथपेस्ट न लावता, कारण टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. रविवारी अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये. मग कोरडा करून डबीत. एप्रिलनंतर कधीतरी लिनेआ म्हणाली होती की माझं मी करीन, मी काय लहान आहे का? ब्रिट्टाला थोडं लागलं होतं आणि बरंच कौतुकही वाटलं होतं. त्यानंतर बेसिनच्या वरच्या फळीवर तिला रोज फक्त मिटलेली पांढरी डबी दिसे.

कोपऱ्यातल्या बेसिनवर तिने पाणी सोडलं. भोकाचा रिटेनर तिने डाव्या तळहातावर घेतला आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवला.

अंगठ्याला खरखर लागली.

ती थांबली. मग खिडकीकडे वळून तिने रिटेनर उजेडात धरला. हिरडीच्या कडेने, दातांच्या प्रत्येक खळग्यात, पांढरा थर धरला होता, आणि पांढऱ्यात तांबूस झाक होती. फार थोडी, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या कडेएवढी. तिने नखाने थर खरवडला. नखाखाली आलेली भुकटी तिने बोटावर चोळून पाहिली.

हा थर तिच्या ओळखीचा होता. तिच्या किटलीच्या तळाशी हाच बसे, शॉवरच्या जाळीत हाच, आणि न्हाणीच्या फरशीवर नळाच्या खाली हाच तांबूस ओघळ होता, जो कशानेही जात नसे. शहराबाहेर डोंगरापलीकडे तिचं घर होतं आणि तिथलं पाणी विहिरीचं, जड, लोहाचं. कर्टचं घर खाली गावात होतं. तिथल्या नळाला सरोवराचं पाणी येई, आणि ते पाणी इतकं मऊ होतं की किटलीला वर्षभरात डागही पडत नसे. हे ब्रिट्टाला कुणी सांगायची गरज नव्हती. ते पाणी रोज सकाळी तिच्याच टेबलावर बाटल्यांमधून येई; शहराच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी ती करत असे.

थर लाळेमुळेही बसतो, तिने स्वतःला सांगितलं. पण लाळेला लोहाचा रंग नसतो.

लिनेआने चुकून एखादा आठवडा हा आपल्याकडे आणला असेल. पण एका आठवड्यात असा थर धरत नाही.

तिने दुसरा रिटेनर नाकाशी नेला. पांढऱ्या डबीतला, कालच बनवल्यासारखा. त्याला पुदिन्याचा वास येत होता, आणि उजेडात धरल्यावर तो पूर्ण पारदर्शक नव्हता, अगदी फिका निळा होता. उन्हाळ्यात तिने कर्टला खरमरीत कळवलं होतं की रंगीत माउथवॉशमध्ये रिटेनर भिजवू नये, त्याचा रंग धरतो, जॉयला सांग. कर्टने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला होता.

नळ वाहत होता. ब्रिट्टा त्याच्याकडे पाहत राहिली. निळा रिटेनर गुळगुळीत होता. त्याच्या दाढांवर एक ओरखडासुद्धा नव्हता. कुत्रा, ओटो, बुटांचे ढीग, उतू गेलेलं दूध, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक मुलगी जबडा सैल सोडून गाढ झोपलेली.

"झालं का गं धुऊन?" मागून डेनिसने विचारलं. "का पाण्याची तपासणी चाललीय? सुट्टी घे की कधीतरी!"

"झालं," ब्रिट्टा म्हणाली.

ती परत येऊन बसली तेव्हा डॉक्टर आले होते. डॉक्टर पेल्टोला उंच होते आणि मुलांशी बोलताना चाकांच्या स्टुलावर बसून खाली येत. त्यांनी भोकाचा रिटेनर पाहिला, लिनेआच्या गालाखालचे स्नायू बोटांनी चाचपले.

"इथे दुखतं?"

"थोडं."

"सकाळी जास्त?"

लिनेआने होकारार्थी मान हलवली.

"हा चांगला जाड प्लास्टिकचा करून देतो. पण प्लास्टिक हा काही उपाय नाही, ती फक्त ढाल आहे." ते ब्रिट्टाकडे वळले. "हा कुठल्या घरी असतो, काही कल्पना? डेनिस म्हणाली दोन घरं आहेत."

ब्रिट्टाने तोंड उघडलं. फोन तिच्या मांडीवर उलटा पडला होता आणि त्यात कर्टचं वाक्य होतं. कुणीही तिला खोटं बोलायला सांगत नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

"डॅडकडे," खुर्चीवरून लिनेआ म्हणाली.

तिने ते आईकडे बघून सांगितलं होतं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात कागदी रुमालाचा कपटा चिकटला होता. आवाज अगदी साधा होता, एप्रिलमधल्या त्या जेवणासारखा.

डॉक्टरांनी मान डोलावली. "मग वडिलांशी बोलायला हवं." ते उठून पलीकडच्या खुर्चीकडे गेले.

गाडीत बसल्यावर ब्रिट्टाने किल्ली फिरवली, पण गिअर टाकला नाही. काचेवर पातळ बर्फ साचला होता आणि त्यातून समोरचा रस्ता, उतार आणि उताराच्या टोकाला सरोवराची राखाडी पट्टी धूसर दिसत होती. हीटरचा वारा अजून गार होता.

"निघायचं ना?" लिनेआ म्हणाली. "मला भूक लागलीय. डेनिसने तोंडात जे काही घातलं ना, त्याला रबराची चव होती."

"डब्या कधी बदलल्यास तू?"

"कसल्या डब्या?"

"डब्या नाही. डब्यांमधलं."

लिनेआने दप्तराची चेन उघडली, परत लावली.

"लिनेआ, मी पाण्याची माणूस आहे."

"हं."

"व्हिनेगर वापरत नाहीस तू."

"त्याच्या वासाने मला ढवळतं." मग थोड्या वेळाने, काचेकडे बघत, "शाळेत. बाथरूममध्ये. डॅडने ठेवलेली डबी घेतली आणि तिथेच बदलले. खरं तर एक बेसिनमध्ये पडणारच होता."

"का पण?"

"तुला कळलं असतं."

"काय?"

"की तो तुझ्याकडचा आहे म्हणून." ती चिडल्यासारखी वळली. "मला काय माहीत तू लगेच फोटो काढशील! मला वाटलं डेनिस म्हणेल फाटलाय, नवा घ्या, आणि विषय संपेल. मी सांगणार होते, पण ती बाई माझ्या घशात कॅमेरा घालून बसली होती. आणि तू किती खूष दिसत होतीस, मॉम."

ब्रिट्टाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कातडी हातमोजे थंडीने कडक झाले होते.

"पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा? तेव्हा तर तोंड मोकळं होतं तुझं."

"तेव्हा तू खूष नव्हतीस. तेव्हा तुझा चेहरा..." लिनेआने वाक्य सोडून दिलं. "मला वाटलं, तू तिथेच खाली बसशील."

"तुला कळतंय ना त्याचा अर्थ काय झाला असता? डॅड म्हणाला, शाळेचे दिवस त्याच्याकडे नकोत, आहे तसंच चालू दे. कायम. त्याने तसं लिहून पाठवलंय."

लिनेआने कळल्याचं किंवा न कळल्याचं काहीच दाखवलं नाही. फक्त गालाच्या मागे, कानाच्या खाली, तिचा एक स्नायू टणक झाला, सैल पडला आणि पुन्हा टणक झाला. ब्रिट्टाने तो आज पहिल्यांदा पाहिला. इतकी वर्षं ती या मुलीला बघत आली होती, रोज, नेमाने, आणि हे तिने पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडे काय होतं गं?" तिने विचारलं. "काय त्रास होतो तुला? मी ओरडत नाही. अभ्यासाला बस म्हणतसुद्धा नाही."

"काहीच होत नाही."

"सांग."

"अगं, खरंच काही होत नाही! तेच तर." लिनेआने गुडघे वर घेऊन डॅशबोर्डला टेकवले. "तू रात्री दारात येऊन उभी राहतेस."

"तू झोपलीस का बघायला."

"माहितीय मला. मी झोपलेली नसते."

हीटरचा वारा आता कोमट झाला होता. काचेवरच्या बर्फात खालून एक काळा अर्धगोल उघडा पडू लागला.

"जिन्यावर तुझी चाहूल लागली ना, की मी झोपल्यासारखं करते. डोळे मिटायचे, श्वास सारखा ठेवायचा. कारण जागी दिसले तर तू आत येतेस आणि विचारतेस, काय झालं? आणि झालेलं काही नसतं. मग तू बसतेस पलंगावर आणि मी काहीतरी शोधून सांगते. गणिताचं वगैरे. की तू बरी होतेस." ती थांबली. "तू गेलीस तरी वाटतं परत येशील. येतेस पण कधी कधी. म्हणून मी तशीच पडून राहते. मग झोप कधी लागते कळत नाही."

"आणि डॅडकडे?"

"तिकडे कोण बघतंय! ओटो भोकाड पसरतो, कुत्रा घोरतो, जॉय टीव्ही लावून झोपून जाते. मी घरात आहे की नाही, सकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही." ती हसली, मग हसू तिने आवरतं घेतलं. "म्हणजे वाईट नाही म्हणत मी त्यांना."

"नाही. कळलं मला."

ब्रिट्टाला कळलं होतं. ती दारात उभी राही तेव्हा काय दिसे ते तिला आठवलं: भिंतीकडे वळलेली पाठ, उशीवर पसरलेले केस, आणि तो श्वास, संथ, एकसारखा. किती एकसारखा. दिवसभरात तिला ज्याची खात्री वाटे अशी ती एकच गोष्ट होती. ती ऐकून ती खाली जाई आणि मगच तिला झोप येई. प्रयोगशाळेत एखादं माप रोज इतकं एकसारखं आलं असतं, तर तिने पहिल्याच आठवड्यात यंत्रावर संशय घेतला असता.

तिने हातमोजे काढले. डोळे पुसायला नाही. डोळे कोरडे होते. तिने फोन घेतला. कर्टचं वाक्य तिथेच होतं, त्याखाली तिच्या उत्तरासाठी मोकळी जागा. ती गिअर टाकून घरी गेली असती, काही लिहिलं नसतं, तर रविवार आला असता, मग पुढचा रविवार. लिनेआने कुणाला काही सांगितलं नसतं. जाड प्लास्टिकचा नवा रिटेनर दोन आठवड्यांत आला असता, आणि त्याला भोक पडायला वर्ष लागलं असतं.

"कुणाला फोन लावतेस?" लिनेआ सरळ बसली. "मॉम, नको ना. आता कशाला?"

घंटी वाजली. गाडीच्या स्पीकरमधून आधी वारा आला, मग लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज, मग कर्ट.

"ब्रिट्टा? हां, बोल. ऐक, मी आज संध्याकाळी येतो आणि तिच्याशी बोलतो. जॉयला सांगितलं आत्ता, ती रडायलाच लागली. म्हणते आपण काय केलं त्या पोरीला..."

"कर्ट, थांब. स्पीकरवर आहेस. लिनेआ आहे इथे."

"ओह. लिनू, कशी आहेस राजा? हे बघ, तू काही..."

"थांब म्हटलं ना!"

तो थांबला. मागे कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. लिनेआने दप्तर छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती. ओठांकडे, जणू बहिरी असावी तशी.

"तो रिटेनर माझ्या घरातला आहे," ब्रिट्टा म्हणाली. "तुझ्याकडचा चांगला आहे. त्याला काही झालेलं नाही. मी चुकीचं पाठवलं तुला."

"काय? मला नीट ऐकू नाही आलं. इथे क्रेन..."

"तुझ्या घरी ती नीट झोपते, कर्ट."

पलीकडे फक्त वारा राहिला. तो कुठेतरी आडोशाला जात असावा; वारा हळूहळू कमी झाला आणि त्याचा श्वास ऐकू येऊ लागला.

"ब्रिट्टा," तो सावकाश म्हणाला, "मग आता काय करायचं म्हणतेस?"

तिने लिनेआकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर 'नक्की ना?' असं विचारलं असतं.

"सोमवारपासून ती तुझ्याकडे राहील," ती म्हणाली. "शाळेचे सगळे दिवस."